काकी म्हणजे सुधारणा

बाबा उभे राहिले तेव्हाच मी मान खाली घातली.

कुरुंदवाडच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयाचं पटांगण माणसांनी भरलं होतं. साल एकोणीसशे सदुसष्ट, मे महिना, वसंत व्याख्यानमालेचा सहावा दिवस. व्यासपीठावर प्राध्यापक हिरानो नावाचे जपानी पाहुणे होते आणि त्यांच्या शेजारी मी, त्यांच्या इंग्रजीचं मराठी करायला. सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागून मला दुसरं वर्ष चाललं होतं. खास माझं भाषांतर ऐकायला माझ्या कॉलेजातले चौघे जण एसटीनं आले होते आणि पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते.

बाबा तिसऱ्या रांगेत होते. मोरेश्वरबुवा खळदकर म्हटलं की वाडीपासून मिरजेपर्यंत कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. पन्नास वर्षं त्यांनी कीर्तन केलं. त्यांच्या आवाजाला ध्वनिवर्धक कधी लागला नाही, त्या दिवशीही लागला नाही.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "पाहुण्यांना विचार, द्वारके. मघापासून तू सुधारलेला देश, सुधारलेला माणूस असं म्हणते आहेस. सुधारणं म्हटलं की आधीचं काहीतरी बिघडलेलं होतं असं होतं. तर या जागी त्यांच्या भाषेत कुठला शब्द आहे, आणि त्याची फोड काय?"

आज मला कळतं की त्या संध्याकाळी विचारला गेलेला तो एकच खरा प्रश्न होता. तेव्हा मला फक्त ऐकू आली ती पहिल्या रांगेतली खसखस. आमच्या कॉलेजात माझं एक नाव पडलेलं होतं, हरदासाची पोर. पागोटं घातलेला म्हातारा भर सभेत शब्दाची फोड विचारतोय आणि तो माझा बाप आहे, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मी हिरानोंकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले की माझे वडील विचारतायत, जपानात आंबा होतो का?

हिरानो फार सभ्य माणूस. त्यांनी प्रश्न पूर्ण गांभीर्यानं घेतला, बाबांकडे पाहून कमरेतून वाकले आणि म्हणाले की आंबा आमच्याकडे आपल्यासारखा होत नाही, पण काकी नावाचं एक फळ होतं, पिकलं की अगदी मधासारखं. बोलताना त्यांनी काकी हा शब्द दोनदा उच्चारला. लोकांनी तो ऐकला. मागून कुणीतरी विचारलंही, काकी काय म्हणाले हो ते?

आता मागं फिरता येत नव्हतं. मी मराठीत सांगून टाकलं, "त्यांच्या भाषेत सुधारणेला काकी म्हणतात. अर्थ आपल्यासारखाच. सुधारलेलं."

बाबांनी हात जोडले आणि खाली बसले.

हे सगळं इतकं का झोंबलं, ते सांगायला पाहिजे. व्याख्यानमालेचा शेवट बाबांच्या कीर्तनानं करायचा, असा सव्वीस वर्षांचा पायंडा होता. सहा दिवस व्याख्यानं, सातव्या दिवशी कीर्तन. त्या वर्षी वाचनालयाच्या समितीत ठराव आला की कीर्तन पुढल्या वर्षीपासून बंद करावं आणि त्या दिवशी परदेशच्या माहितीपटांचा पडदा लावावा. समितीत आम्ही सात जण. तिघांचे हात ठरावाच्या बाजूनं वर गेले, तिघांचे गेले नाहीत. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कीर्तनकाराची मुलगी म्हणून कुणी बोट दाखवू नये, आपण शिकलेल्या आहोत हे दिसावं, असं काहीसं मनाशी म्हणत मी हात वर केला. चिटणीस अथणे सरांनी घरी येऊन बाबांना निर्णय सांगितला. चार विरुद्ध तीन एवढंच सांगितलं, नावं सांगितली नाहीत. भला माणूस. बाबांनी त्यांना ताक पाजलं आणि म्हणाले, "समितीनं विचार करूनच केलं असेल." मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. बाहेर आले नाही.

तर बाबांचं या पटांगणातलं शेवटचं कीर्तन दुसऱ्या दिवशी होतं. पेटीवर नेहमीप्रमाणे मी बसणार होते.

खरं सांगायचं तर हिरानोंचं भाषण उत्तम झालं होतं. विषय होता, आधुनिक जग कोणी घडवलं. ते सांगत होते, आपण समजतो की ही नवी विचारसरणी युरोपच्या एका बंदरातून पेट्यांत भरून निघाली आणि ज्या त्या देशानं आपापली पेटी उतरवून घेतली. तसं घडलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी आमच्याकडे काही माणसं नुसत्या शब्दांपायी झोप घालवून बसली होती. समाज या अर्थाचा शब्दच आमच्या भाषेत नव्हता, स्वातंत्र्याला जो होता त्यात मनमानीचा वास होता. कैरोहून विद्यार्थ्यांबरोबर पॅरिसला नमाज पढवायला गेलेले एक शेख परत आले ते तिथल्या कायद्याचं पुस्तक अरबीत करत बसले. इस्तंबूलचे पत्रकार परागंदा होऊन परक्या गावात आपल्या भाषेतली वर्तमानपत्रं काढत होते. कलकत्त्याचे पंडित फारसी, संस्कृत आणि इंग्रजी तिन्ही समोर ठेवून भांडत होते. या सगळ्यांनी नवं जग नुसतं घेतलं नाही, घेता घेता घडवलं.

आणि एवढ्या सुंदर भाषणात मी जिथं तिथं एकच शब्द ठोकत गेले, सुधारलेला. आमच्याकडे तसंच बोलत. केस कापलेली मुलगी सुधारलेली, टेबलावर जेवणारं घर सुधारलेलं. जिभेवर होता तो शब्द वापरला.

पाहुण्यांचा मुक्काम आमच्याकडेच होता, कारण ते मांसमच्छी खात नव्हते आणि आमच्या घरी अंघोळीला वेगळी मोरी होती. जमिनीवर मांडी घालायला सांगितलं तर ते वज्रासनात बसले आणि जेवण संपेपर्यंत तसेच राहिले. आईला वाटलं की ताटावरून पूजेला उठायचं असेल. आमरसाच्या दोन वाट्या झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. बाबा खूश. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बोलणं चाललेलं. मध्ये मी होते, आणि प्रत्येक वाक्याला मला धास्ती की आता काकी निघते.

निघाली ती सकाळी. बाबा देवघरात पूजेला बसले होते, दाराकडे पाठ. झोपाळ्यावर त्यांची कीर्तनाची वही उघडी पडलेली. लांबुळकी, लाल कापडाच्या बांधणीची. हिरानोंनी मला खुणेनं विचारलं, यात चित्र काढू का? मी हो म्हणून चहा आणायला गेले. परत येऊन बघते तर वहीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एक फळ काढलेलं. टोमॅटोसारखं चपटं, वर चार पाकळ्यांची टोपी. शेजारी आंबाही काढलेला, ओळखू यावा म्हणून. आणि फळाखाली, पुण्यात चार महिन्यांत शिकलेल्या बाळबोध अक्षरांत, मोठ्ठं लिहिलेलं, 'काकी'.

"तुमच्या वडिलांसाठी," ते म्हणाले. "त्यांनी इतक्या आस्थेनं विचारलं."

मी चहा त्यांच्या हातात दिला. मी वही मिटली, फडक्यात बांधली आणि फळीवर ठेवून दिली. बाबा गंधाचं बोट पुसत बाहेर आले तेव्हा झोपाळा रिकामा होता. कीर्तनात ते वही कधी बघत नसत, म्हणून मी निर्धास्त झाले. पाहुण्यांना मी दिवसभर बोलण्यात गुंतवून ठेवलं, संगम दाखवला, वाडीला दर्शनाला नेलं, बासुंदी खाऊ घातली. एवढी पायपीट मी बहुतेक त्यांच्यासाठी केली नसेल.

सहा वाजता पटांगण भरलं. शेवटचं कीर्तन आहे ही बातमी सगळीकडे झालेली होती, त्यामुळे शिरोळहून, नांदणीहून माणसं आली होती. कितीतरी बायका कडेवर पोरं घेऊन उभ्याच. तबल्यावर मिरजेचे दस्तगीरचाचा, बाबांच्या साथीला एकवीस वर्षं. सूर लावायला हातोडीनं तबल्याचा गजरा ठोकत ते मला हळूच म्हणाले, "आज सूर जरा भरून ठेव, पोरी. बुवांचा गळा आज जड व्हायचा."

बाबा नारदाच्या गादीवर उभे राहिले. पांढरा अंगरखा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. ज्यांनी चांगलं कीर्तन ऐकलंय त्यांना मी काय सांगावं! आणि ज्यांनी नाही ऐकलं त्यांना कसं सांगावं! त्या गादीवर उभ्या असलेल्या माणसानं कुणापुढं वाकायचं नसतं, राजा आला तरी. लोक पाया पडतात, ते त्याच्या नाही, त्या जागेच्या. नमन झालं. रामकृष्णहरीचा गजर झाला. पाहुणे पहिल्या रांगेत वज्रासनात. अथणे सर कोपऱ्यात, मांडीवर कागदात गुंडाळलेली शाल. कीर्तन संपल्यावर बाबांचा सत्कार करून निर्णय जाहीर करायचा, असं ठरलं होतं.

पूर्वरंगाला बाबा नेहमी एखादा अभंग निरूपणाला घेत. त्या दिवशी घेतला नाही. म्हणाले, आज निरूपणाला एक शब्दच घेऊ. सुधारणा.

माझी बोटं पट्ट्यांवर होती. आधाराचा सूर धरून ठेवला होता.

बाबा रंगात आले. सुधारलेल्या जावयाची गोष्ट सांगितली, जो सासऱ्याला हस्तांदोलन करायला गेला आणि सासऱ्यानं त्याच्या हातावर दक्षिणा ठेवली. पटांगण हसून लोळलं. मग त्यांचा आवाज खाली आला.

"काल पाहुणे आले. थोर माणूस. आम्ही त्यांना विचारलं, तुमच्याकडे या सुधारणेला काय म्हणता? ते म्हणाले, काकी."

हिरानोंनी मान वर केली. स्वतःचा शब्द त्यांना ऐकू आला होता. ते माझ्याकडे पाहू लागले.

"शब्द किती गोड बघा. घरातलंच माणूस वाटावं. पण अर्थ तोच. आधीचं बिघडलेलं होतं, ते आता दुरुस्त केलं. म्हणजे काय झालं? पश्चिमेचा माणूस हेच म्हणतो, पूर्वेचाही हेच म्हणतो. मग आमच्यासारख्यानं कुणाकडे दाद मागायची? आम्ही ती दुरुस्त करायची राहून गेलेली वस्तू. तेव्हा सज्जनहो, राग नाही, रुसवा नाही. सव्वीस वर्षं तुम्ही ऐकलंत. आता या चिपळ्या..."

ते चिपळ्या खाली ठेवायला वाकू लागले. गादीवर उभे असताना मी त्यांना कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं.

माझ्या हातातला भाता थांबला.

कीर्तनात पेटीचा सूर थांबत नाही. बुवा बोलत असोत, गात असोत, पाणी पीत असोत, सूर चालू असतो. तो तुटला की लोकांना कळतंच, जसं वाहत्या नळाचं पाणी गेलं की घरभर कळतं. चारशे माथी माझ्याकडे वळली. दस्तगीरचाचांचा हात डग्ग्यावर तसाच राहिला.

मी उभी राहिले. बाबांच्या कीर्तनात पेटीवरची मुलगी कधी उभी राहिली नव्हती.

"बाबा," मी म्हणाले, "तुमचा प्रश्न मी काल पाहुण्यांना विचारलाच नाही."

बाबा अर्धे वाकलेले होते, ते सरळ झाले. 

"मला तुमची लाज वाटली. मी त्यांना विचारलं, जपानात आंबा होतो का. ते म्हणाले, काकी होते. काकी हे फळ आहे."

 मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी फिसकन हसली आणि सगळं पटांगण हसायला लागलं. माझ्या कॉलेजातले चौघे कीर्तनालाही थांबले होते, तेही हसत होते. मला वाटलं होतं की मी त्या हसण्यानं मरेन. मेले नाही. गालांवरून पाणी वाहत होतं तेवढंच.

"झालं का हसून?" बाबा लोकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मग आता विचार."

मी हिरानोंना आदल्या दिवशीचा प्रश्न शब्दाला शब्द लावून विचारला. सगळी लबाडीही सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, उठले, कार्यक्रम लिहायच्या फळ्यापाशी गेले आणि खडूनं दोन अक्षरं काढली, एकेका अक्षराला केवढ्या तरी रेघा. पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, जवळ. दुसऱ्यावर ठेवून म्हणाले, काळ. "जवळचा काळ. आमचा शब्द एवढाच आहे. त्यात बिघडलेलं काही नाही, दुरुस्त केलेलंही काही नाही." मग ते पुढे म्हणाले, तुर्कांनी अलीकडे जो शब्द केला त्याची फोड होते, एकाच काळातले सोबती. आणि अरबीत नव्याला जो शब्द आहे, तोच सांगितलेल्या गोष्टीलाही आहे, हदीस.

मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. या वेळी जपून.

बाबांनी तबल्याकडे पाहिलं. "काय दस्तगीर?"

"हदीस म्हंजे सांगितलेलं, हे बरोबर हाय बुवा," चाचा म्हणाले. "नव्यालाबी तेच म्हणत्यात हे आजच कळालं."

बाबा हसले. मग त्यांनी चिपळ्या वाजवल्या, एकदाच, आणि विचारलं, "द्वारके, आपल्याकडेही एक शब्द होता की. का नाही वापरलास? अर्वाचीन."

तो शब्द मी शाळेच्या पुस्तकात शंभर वेळा वाचला होता. त्याची फोड कधी केली नव्हती.

"अर्वाच् म्हणजे अलीकडे, आपल्या दिशेला," बाबा लोकांना सांगू लागले, आणि त्यांचा आवाज परत पहिल्या जागी गेला. "अर्वाचीन म्हणजे आपल्याकडे तोंड केलेलं. आपल्याकडे वळून येत असलेलं. आणि प्राचीन म्हणजे काय? मागं पडलेलं? अहो, प्राच् म्हणजे पुढची दिशा. आमचे जुने लोक पुढं तोंड करून चालले होते, आणि आम्ही त्यांच्या पाठी बघून म्हणतो की ते मागे राहिले!"

दस्तगीरचाचांनी थाप दिली. मी खाली बसले, भाता ओढला. उत्तररंगाला बाबांनी ठरलेलं आख्यान सोडून दिलं आणि तिथल्या तिथं एक रचलं. चार गावांचे चार शहाणे, एक जपानातला, एक मिसरातला, एक तुर्कस्तानातला, एक आपला. चौघांच्या दारी एकाच पहाटे एक पाहुणा उभा. प्रत्येकाला तो परका वाटतो, प्रत्येकजण आपापल्या भाषेत त्याला नाव विचारतो. तो नाव सांगत नाही. म्हणतो, तुम्हीच ठेवा. ज्यानं जे नाव ठेवलं, तसा तो त्याच्या घरात राहिला. शेवटी चौघे भेटतात आणि बोलता बोलता ओळखतात की सगळ्यांकडे आलेला एकच होता. बाबांच्या कीर्तनात असा पाहुणा शेवटी कोण निघतो हे कुरुंदवाडच्या लोकांना सांगावं लागत नसे. ते आधीच गजर करायला लागले. हिरानोंना शेजारी बसवून मी पेटी वाजवता वाजवता जमेल तेवढं सांगत होते. शेवटी ते उठले आणि बुक्का लावून घ्यायला रांगेत उभे राहिले, वाडीच्या पुजाऱ्यांच्या मागं.

आरती झाल्यावर अथणे सर शाल घेऊन निघाले, तेव्हा मी त्यांना अडवलं. मी म्हणाले, ठरावाला वर केलेला माझा हात मी खाली घेते.

"ठराव वहीत उतरवलाय बाई."

"मग तीन विरुद्ध चार असं पुन्हा उतरवा."

"आणि ही शाल? विकत आणलीय."

"पाहुण्यांना घाला," मी म्हणाले. त्यांनी घातली. ती शाल पांघरलेला फोटो हिरानोंनी पुढं बरीच वर्षं नव्या वर्षाच्या पत्राबरोबर पाठवला, दर वेळी तोच.

बाबा त्यानंतर आणखी चौदा वर्षं त्या पटांगणात उभे राहिले. पंधराव्या वर्षी त्यांच्या जागी मी उभी राहिले, आणि आता मीही सत्तरी ओलांडली आहे. त्या संध्याकाळबद्दल बाबा मला एका शब्दानंही बोलले नाहीत, ना रागाचं, ना कौतुकाचं. मी समजत आले होते की ऐन वेळी मीच त्यांना सावरलं.

त्यांच्या पश्चात लाल कापडाची ती वही माझ्याकडे आली. माझ्या पहिल्या कीर्तनाच्या तयारीला म्हणून मी तिचं फडकं सोडलं. चाळता चाळता काकीचं चित्र लागलं, शेजारी आंबा. पान उलटलं. पुढच्या दोन पानांवर बाबांच्या बारीक अक्षरात त्या कीर्तनाच्या दिवसाची तारीख होती. डाव्या पानावर मथळा, 'अर्वाचीन'. खाली फोड, प्राचीनची फोड, आणि जपानी शब्दासाठी सोडलेली रिकामी जागा. समासात लिहिलं होतं, 'द्वारका उठली तर हे.'

उजव्या पानावर मथळा होता, 'सुधारणा'. त्याखाली जावयाची गोष्ट, मग, 'चिपळ्या ठेवून निरोप घ्यावा.' आणि समासात, 'नाही उठली तर. पोरीला कधी काही बोलू नये.'